‘दम लागला का?’ ‘कुठं काय!’

नागपुरात हृदय दाखवायचं म्हटलं की माणूस धंतोली नाहीतर रामदासपेठ गाठतो. तिथं गाडी लावायला जागा शोधता शोधता निम्मी तपासणी रस्त्यावरच होऊन जाते. उरलेली निम्मी पैसे भरून आत करायची असते. आत म्हणजे एसी लावलेल्या एका खोलीत. तिथं शर्ट उतरवला जातो, छातीवरचे केस जागोजागी भादरले जातात, स्पिरिटच्या बोळ्यानं कातडी घासली जाते, दहा चिकट्या चिकटवून त्यांना दहा वायरी जोडल्या जातात, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला जातो, आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतही आयुष्यभर स्कूटरनं गेलेल्या गृहस्थाला सांगण्यात येतं, ‘काकाजी, चला आता.’ काकाजी चालू लागतात. पायाखालचा रबरी पट्टा मागं पळतो, काकाजी पुढं पळतात, आणि दोघांच्या या हुज्जतीत काकाजी जिथल्या तिथं राहतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. आणि बाजूला उभा असलेला पंचविशीतला टेक्निशियन विचारतो, ‘काकाजी, दम लागला का?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘कुठं काय!’ ‘कुठं’ आणि ‘काय’ यांच्या मध्ये काकाजींनी तीन श्वास घेतलेले असतात, तेवढे टेक्निशियननं गुपचूप मोजायचे असतात. आता माझं म्हणणं असं की, ट्रेडमिलवरची सुरक्षितता म्हणून जो काही पसारा मांडलेला आहे, म्हणजे त्या वायरी, ते लाल बटण, ती दोरीची क्लिप, शेजारी डॉक्टर आणि कोपऱ्यात शॉक द्यायचं यंत्र, तो सगळा माणसाला पट्ट्यापासून वाचवायला कमी आणि ‘कुठं काय’पासून वाचवायला जास्त आहे.

आधी यंत्राची बाजू ऐकून घेऊ, कारण त्या खोलीत तेवढं एकच जण खरं बोलतं. पूर्वी, म्हणजे १९२९पासून, आर्थर मास्टर यांची दोन पायऱ्यांची चाचणी असे. दोन पायऱ्या चढायच्या, पलीकडं उतरायच्या, वळायचं, पुन्हा चढायच्या. आणि पुढच्या काळात, मग आडवं होऊन ईसीजी काढून घ्यायचा. म्हणजे भानगड चढताना आणि पंचनामा उतरल्यावर. पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट ब्रूस यांनी चालत्या पट्ट्यावर, चालू ईसीजीसह, टप्प्याटप्प्यानं अवघड होत जाणारी चाचणी बसवली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि आजही धंतोलीत टीएमटी, म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, या नावानं काकाजींना पळवते आहे ती बहुतेक तीच. तिचा पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा. हा आकडा ऐकून काकाजी हसतात. हसू पुरतं विरायच्या आत त्यांच्या लक्षात येतं की, पट्ट्याचं तोंड वर केलेलं आहे. चढ १० टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना दहा फूट वर. सपाट मुलखात रस्त्याचा चढ साधारण तीस फुटांना एक फूट असावा, असा आपल्या रस्ते-इंजिनिअरांचा दंडक आहे. टक्क्यांत सांगायचं तर सव्वातीनच्या आसपास. नागपूरकराला चढ म्हणून जी गोष्ट माहीत आहे ती म्हणजे उड्डाणपूल, आणि तोही तो गाडीवरून चढतो. ब्रूस साहेबांची सुरुवातच त्या पुलाच्या तिप्पट चढानं होते. दुसरा टप्पा ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. चौथ्यात चालावं तर पाय पुरत नाहीत आणि धावावं तर लाज वाटते. रामटेकचा गड चढायला पन्नासेक किलोमीटर जावं लागतं. इथं गडच घरपोच मिळतो. तिसरा टप्पा पुरा केला तर बसल्या जागी लागतो त्याच्या सुमारे दहापट प्राणवायू शरीर वापरत असतं. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी सपाटीपासून सुरू होणारी सौम्य आवृत्तीही आहे. पण ती सुचवून पाहा. ‘साधीवाली काहून? मोठीवाली लावा नं!’ थाळी मागवताना जो नियम, तोच इथं.

चाचणी कधी थांबवायची याची एक यादी हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी करून ठेवली आहे. ईसीजीची रेघ ठरावीक तऱ्हेनं वर उचलली गेली तर थांबवा. श्रम वाढत असताना वरचं बीपी चढायचं सोडून खाली घसरलं आणि सोबत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण दिसली तर थांबवा. चक्कर, तोल जाणं, चेहरा पांढराफटक पडणं, थांबवा. वायर सुटली आणि ईसीजी दिसेनासा झाला तरी थांबवा. याच यादीत, याच तोलाचं, आणखी एक कलम आहे : चालणारा ‘थांबवा’ म्हणाला तर थांबवा. का, कशासाठी, किती मिनिटं झाली, असलं काही विचारायचं नाही. सगळ्या यादीत हे एकच कलम असं, ज्याला ना यंत्र लागतं, ना शिक्षण, ना वीज. आणि नेमकं तेच वापरायला काकाजी तयार नसतात. कुणी म्हणेल, माणूस घाबरला की आपोआप ओरडतो. तो ओरडतो गल्लीत कुत्रं मागं लागल्यावर. इथं बायको काचेपलीकडं उभी असते, टेक्निशियन पोराच्या वयाचा असतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसानं आताच सांगितलेलं असतं की, ‘आपण तं बारा मिनिटं मारली.’ काकूंचं वेगळंच असतं. त्या अभिमानासाठी चालत नाहीत. टेक्निशियन पोरगी सकाळपासून उभी आहे बिचारी, तिला मधेच कशाला थांबवायचं, म्हणून चालतात. १८१८च्या सुमाराला विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायचक्की काढली आणि १८९८च्या कायद्यानं ती मोडीत निघाली. या ऐंशी वर्षांत एकाही कैद्यानं ‘साहेब, अजून एक स्टेज होऊन जाऊ द्या’ म्हटलं असेल असं वाटत नाही. ती हौस पैसे भरून चालणाऱ्यांची.

या हौसेला खतपाणी मिळतं ते ८५ या आकड्यामुळं. २२०मधून वय वजा करायचं, येईल तो हृदयाच्या ठोक्यांचा अंदाजे कमाल वेग, आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके गेले तर चाचणीतून काही निष्कर्ष काढता येतो. साठीच्या माणसाचे १६० आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे १३६. हा अंदाज आहे, माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो; तिथं पोचलं म्हणून थांबलंच पाहिजे असं नाही आणि नाही पोचलं म्हणजे कमीपणा असंही नाही. शिवाय ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर जन्मात तिथवर जाणं होत नाही. पण आपल्याकडं टक्के म्हटलं की निकाल आला. मॅट्रिकला ३५वर पेढे वाटणारे गृहस्थ इथं ८५च्या खाली तडजोड करत नाहीत. ‘किती झाले?’ ‘ब्याऐंशी टक्के, काकाजी. त्रास होत असेल तर थांबू.’ ‘तीन टक्क्यांसाठी काहून थांबता?’ टेक्निशियनसमोर या वेळी पडद्यावरची रेघ, हातातलं बीपी आणि काकाजींचा चेहरा असे तीन साक्षीदार असतात. चौथा साक्षीदार खुद्द काकाजी, आणि तो फितूर झालेला असतो.

फितुरीचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे समोरचा दांडा. तोल जाऊ नये म्हणून तो आहे, बोटं टेकवण्यापुरता. काकाजी तो असा धरतात जसा चंद्रपूरहून उभ्यानं आलेला माणूस एसटीतला दांडा धरतो : कोपरं ताठ, खांदे कानाला लागलेले, बोटांची पेरं पांढरी. आता गंमत बघा. किती मेहनत झाली हे यंत्र काढतं ते पट्ट्याचा वेग आणि चढ यांवरून, आणि त्यात असं धरून चाललेलं असतं की, काकाजी स्वतःचं वजन स्वतःच्या पायांवर वाहताहेत. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं वजन दांडा वाहत असतो. पाय नुसते हजेरी लावतात. परिणामी अहवालात काकाजींची ताकद असते त्यापेक्षा जास्त दिसते आणि त्या फुगीर आकड्यावरून पुढचा व्यायाम बेतला तर तो अंगलट येतो. वर दंड आवळल्यामुळं बीपी मोजतानाही घोटाळा. म्हणून टेक्निशियन सारखा सांगत असतो, ‘काकाजी, हात सैल सोडा.’ काकाजी उजवा सैल करतात आणि डावा आवळतात. ‘डावा पण.’ मग डावा सैल होतो आणि पोट दांड्याला टेकतं. एखाद्या गोष्टीत सूट मिळते म्हटल्यावर ती घ्यायची नाही, ही शिकवण आपल्याला कुणी दिलेलीच नाही. त्यामुळं काकाजी लबाडी करताहेत असं मी म्हणणार नाही. ते फक्त उपलब्ध सवलतीचा लाभ घेताहेत.

माणसाच्या तोंडावर अजिबात विश्वास ठेवू नये इतकं शास्त्रही निष्ठुर नाही, त्यानं एक संधी देऊन पाहिली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती वाटताहेत हे आकड्यात सांगायची एक पट्टी केली. ती ६पासून सुरू होते आणि २०वर संपते. सहा म्हणजे काहीच नाही, तेरा म्हणजे जरा जड, वीस म्हणजे आता पुरे. सहाच का, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तर निरोगी तरुण माणसात या आकड्याला दहानं गुणलं की ठोक्यांचा साधारण अंदाज यावा, असा हिशेब होता. हिशेब स्वीडनमध्ये बरा चालला असावा. इथं टेक्निशियन भिंतीवरचा तक्ता दाखवतो. पडद्यावर ठोके १४८ आणि काकाजींच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटपतोय. ‘काकाजी, आकडा सांगा.’ ‘सात.’ सीताबर्डीच्या मेनरोडवर ज्यानं उमेदवारी केली आहे तो पहिल्याच बोलीत खरा आकडा सांगेल, ही अपेक्षाच चुकीची. टेक्निशियन मनातल्या मनात दुप्पट करतो आणि व्यवहार चौदाला तुटतो.

खरं तर निम्मी सुरक्षितता पट्ट्यावर पाय ठेवायच्या आधी ठरलेली असते आणि तिथंही हाच स्वभाव आडवा येतो. आधी दोनतीन तास काही खाऊ नका, असं बजावलेलं असतं, कारण भरल्या पोटी रक्ताची ओढ पोटाकडं असते आणि तेव्हाच पायांनी आणि हृदयानं मागणी केली की सगळ्यांचीच पंचाईत. ‘सकाळपासून काही खाल्लं नाही नं?’ ‘काहीच नाही.’ ‘चहा?’ ‘चहा तं घेतला.’ ‘चहासोबत?’ ‘पोहे. पण तर्री कमी टाकायला सांगितली होती.’ बूट घालून या म्हटलं तर चपला येतात, ठोक्यांची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या किंवा बंद ठेवा म्हटलं तर ती शेजाऱ्यांना विचारून बंद केलेली असते. संमतीपत्र समोर ठेवलं की लग्नाच्या पत्रिकेतली निमंत्रकांची चाळीस नावं बोट ठेवून वाचणारा माणूस दोन पानं न वाचता सही ठोकतो. हे सगळं एक वेळ परवडलं. न परवडणारा मामला म्हणजे गॅसचा. रात्री सावजी झालेलं असतं, पहाटेपासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत असतं, घाम सुटलेला असतो, आणि घरातल्या सर्वांचं एकमत झालेलं असतं की, हा गॅस आहे. ‘तरी एकदा टीएमटी काढून टाका, म्हणजे मोकळे.’ जिथं छातीत दुखणं थांबतच नाही, हार्ट अटॅकला अजून दोन दिवसही उलटलेले नाहीत, हृदयाची महाधमनीकडची झडप पार आकसली आहे, तिथं पट्टा चालू करायचा नसतो. बसल्या जागी बीपी २००च्या वर किंवा खालचं ११०च्या वर असेल तरीही बहुतेक डॉक्टर आधी ते खाली आणायला सांगतात. छातीत आत्ता दुखत असलेल्या माणसाची जागा कॅज्युअल्टीत. पण कॅज्युअल्टीत जाणं म्हणजे आजारी असणं, आणि टीएमटीला जाणं म्हणजे नुसतं बघून घेणं. आपल्याला बघून घ्यायला आवडतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. एवढी भीती घालायची असेल तर पट्ट्यावर चढवायचंच कशाला? वायरी, डॉक्टर, शॉकचं यंत्र बघूनच माणसाचे ठोके ८५ टक्क्यांवर जातात. तर १९७१ साली अमेरिकेत सुमारे पावणेदोन लाख चाचण्यांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत एकच्या आसपास निघालं. धोका थोडा आहे, पण तो थोडा आहे तो काकाजींच्या छातीठोकपणामुळं नव्हे. ज्यांना चढवायचं नाही त्यांना दारातूनच परत पाठवलं जातं आणि ज्यांना उतरवायचं त्यांना वेळेवर उतरवलं जातं, म्हणून आकडा खाली राहतो. नीट राबवलेल्या नियमाचं दुर्दैव असं की, तो बिनकामाचा दिसू लागतो. ‘मी तं तीन वेळा केली, काही नाही झालं’ हे सांगणाऱ्याला तिन्ही वेळा शेजारी कोण कशासाठी उभं होतं, ते आठवत नाही.

तोच माणूस मग घरी ट्रेडमिल आणतो. घरी डॉक्टर नाही, ईसीजी नाही. आहे ती फक्त एक लाल दोरी, तिच्या एका टोकाला शर्टाला लावायची क्लिप आणि दुसऱ्या टोकाला किल्ली. माणूस मागं घसरला की दोरी ताणते, किल्ली निघते, पट्टा थांबतो. इतकी साधी, स्वस्त आणि न चिडणारी देखरेख जगात दुसरी नसेल. नागपुरातल्या घरांत ही किल्ली हरवू नये म्हणून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलेली असते आणि तिच्या जागी चुंबकाचा कुठलासा तुकडा बसवून पट्टा चालवला जातो. सुट्टीत नातवंडं आली की खरं तर किल्ली कपाटातच हवी, कारण चालत्या पट्ट्यात लहान मुलांची बोटं सोलवटून निघतात. पण तेव्हा तो तुकडा जागेवरच असतो. मागं किमान सहा फूट जागा मोकळी सोडा म्हणावं तर मागं गोदरेजचं कपाट येतं, कारण तोंड टीव्हीकडं पाहिजे. सुदैवानं दोनतीन महिन्यांत ही ट्रेडमिल टॉवेल वाळवण्याच्या कामी लागते आणि पूर्णपणे सुरक्षित होते.

उतरण्याचं प्रकरण चढण्यापेक्षा नाजूक आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पिळले जातात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. शिवाय पायांतल्या रक्तवाहिन्या चांगल्या सैल झालेल्या असतात. पट्टा एकदम थांबवून माणूस ताठ उभा राहिला की ढकलणारं कुणी उरत नाही, रक्त पायांतच साचतं, बीपी घसरतं आणि माणूसही. म्हणून साध्या टीएमटीत वेग हळूहळू उतरवतात आणि मग बसवून किंवा आडवं करून पुढली सहा-आठ मिनिटं ईसीजी आणि बीपी बघत राहतात; रेघेतले काही बिघाड तर नेमके याच वेळी तोंड वर काढतात. काकाजींच्या मते मात्र सामना संपलेला असतो. ‘झालं नं? उतरू?’ ‘नाही काकाजी, हळूहळू चालत राहा.’ ‘आता काय राहिलं?’ असं म्हणता म्हणता एक पाय बाहेर पडलेला असतो. चालत्या बसमधून उतरायचं कौशल्य आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी कमावलं आहे, ते वापरायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळायची नाही, असं त्यांना वाटत असावं. सुरू करतानाही तेच. दोन्ही पाय पट्ट्याच्या कडेच्या फळ्यांवर ठेवायचे, पट्टा हळू सुरू झाला की मगच पाऊल टाकायचं आणि नजर समोर. समोर भिंत आहे, तिच्यावर हृदयाचं चित्र आहे. काकाजी खाली पायांकडं बघतात, कारण आपले पाय अजून आपलेच आहेत ना याची खात्री त्यांना करून घ्यायची असते.

दुसरा आक्षेप जास्त नागपुरी आहे : हा सगळा धंदा आहे. इथं मी थोडी माघार घेतो. छातीत कधी कळ नाही, दम नाही, विशेष धोका नाही, अशा माणसाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पॅकेजमध्ये टीएमटी करवून आणण्यात शास्त्रापेक्षा सवलत जास्त असते. उलट निरोगी माणसात रेघ उगाच वाकडी निघाली तर पुढल्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ मागं लागतं. पण धंदा म्हणून नाक मुरडणारा तोच माणूस निकाल चांगला आल्यावर त्याचा जो वापर करतो, त्याला तोड नाही. अहवाल घडी करून खिशात, आणि गाडी थेट तर्रीच्या ठेल्यावर. ‘भाऊ, आज तर्री वरून मार. टीएमटी क्लीन आहे.’ १९८९ साली जुन्या दीडशेक अभ्यासांची गोळाबेरीज झाली. तिच्यात ज्यांच्या धमन्यांत खरोखर अडथळा होता अशा शंभरांतल्या सरासरी अडुसष्टांना या चाचणीनं पकडलं होतं. उरलेले बत्तीस जण हसत घरी गेले होते. शिवाय चाचणीला दिसतो तो रक्ताची वाट अडवण्याइतका मोठा अडथळा. आज लहान असलेला आणि उद्या फुटून गुठळी करणारा थर तिला दिसत नाही. ठेलेवाल्यानं अहवाल उघडून हे समजावून सांगावं अशी अपेक्षा नाही, पण तो निदान वाटी लहान वापरू शकतो.

खरी कसोटी लागते ती अटॅक येऊन गेल्यावर, पुन्हा चालायला शिकवताना. पूर्वी अटॅकनंतर सहासहा आठवडे बिछान्यावर खिळवून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सांगितलं, तेव्हा तोही आगाऊपणा वाटला. आज काही दिवसांत हळूहळू चालवतात, आणि पुढे ईसीजी बघत, अंग गरम करून, ताकदीच्या बेतानं ट्रेडमिलवर. पण आपल्या घरांतला इतिहास १९५२च्या अलीकडं आलेला नाही. ‘तुम्ही हलू नका, पाणी मी आणते.’ काकाजी पाण्यासाठी हलत नाहीत, हळूहळू रिमोटसाठीही हलेनासे होतात. दुसरा पंथ याच्या नेमका उलटा : स्टेंट पडला, नळ मोकळा झाला, आता काय, म्हणून तिसऱ्या आठवड्यात रामटेक. देखरेखीखालची ट्रेडमिल या दोघांनाही लागते. एकाला चालू करायला आणि दुसऱ्याला आवरायला.

आता शेवटचा आणि सगळ्यात गोड आक्षेप : फुटाळा तलावावर फुकट चालता येत असताना हा पट्टा कशाला? फुटाळ्याबद्दल मला आदर आहे. पण फुटाळा ईसीजी काढत नाही. आणि मे महिन्यात, पारा ४५वर गेलेला असताना, तोच वेग चालायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, कारण रक्ताला कातडीही थंड ठेवायची असते. तेव्हा सकाळी सहानंतरचा फुटाळा ही वेगळीच चाचणी होऊन बसते. सगळ्यात मोठी अडचण मात्र हवामानाची नाही. चालण्याचा वेग बेताचा आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण सांगतात : चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. नागपूरकर तिथं कायमचा नापास आहे, कारण त्याला बोलायला आलं की तो उभा राहतो. मुद्दा महत्त्वाचा असेल तर समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाही उभा करतो. अंबाझरी असो की सेमिनरी हिल्स, तासभराच्या फिरण्यातली चाळीस मिनिटं अशी उभ्यानं जातात. अख्ख्या शहरात मुद्दा मांडण्यासाठी थांबता येत नाही अशी चालायची वाट एकच, पायाखालून पळणारी. अर्थात अटॅकनंतरच्या रिहॅबच्या हॉलमध्ये दोन पट्टे शेजारी शेजारी लावलेले असले की तिथंही उपाय सापडतो. एक काकाजी दुसऱ्याकडं मान वळवून वेगळ्या विदर्भाचा विषय काढतात, मान वळली की पाऊलही तिरकं पडतं, आणि फिजिओथेरपिस्ट ओरडते, ‘समोर बघा, समोर!’ काकाजी आज्ञाधारकपणे समोर बघतात. समोर आरसा असतो, त्यात शेजारच्यांचा चेहरा सापडतो आणि विषय पुढं सुरू. पडद्यावर ठोके ११२वरून १२६. यातले किती पट्ट्याचे आणि किती विदर्भाचे, हे ईसीजीत वेगळं दिसत नाही आणि अशा वेळी काय करावं हे ब्रूस साहेबांनीही लिहून ठेवलेलं नाही. ती मुकाट्यानं वेग कमी करते; विषय बदलणं तिच्या हातात नसतं.